बाळाच्या छातीची सोनोग्राफी: न्यूमोनिया दिसतो तो कसा आणि कितपत

खोकला, ताप आणि भरभर चालणारा श्वास अशा अवस्थेत वर्षाच्या आतले लेकरू ग्रामीण रुग्णालयात येते, तेव्हा तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला केवळ रोगाचे नाव शोधायचे नसते. या लेकराला औषध देऊन घरी पाठवायचे, इथेच दाखल करून घ्यायचे, की अंधार पडण्याआधी १०८ च्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना करायचे, हे त्याला थोड्या वेळात ठरवायचे असते. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात मेळघाटचा घाटरस्ता. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा ठिकाणी हा निर्णय चुकला, तर तो दोन्हीकडून महागात पडतो. गरज नसताना ‘नागपूरला न्या’ म्हटले, तर ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली दोन माणसे आठवडाभर ‘मेडिकल’च्या, म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात अडकतात, उसनवारी होते आणि पुढच्या वेळी तेच कुटुंब दवाखान्याची पायरी चढायला कचरते. गरज असताना थांबवून घेतले, तर लेकरू हातचे जाते. खाटेशेजारी उभे राहून केलेली छातीची सोनोग्राफी या निर्णयाला किती मदत करू शकते आणि कुठे तिच्यावर विसंबू नये, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी रोगाविषयी थोडक्यात. फुप्फुसांत लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो. न्यूमोनियात जिवाणूंच्या किंवा विषाणूंच्या संसर्गामुळे या वायुकोशांत द्रव आणि पू साचतो. हवेची जागा द्रवाने घेतली की तेवढा भाग श्वसनाच्या कामातून बाद होतो आणि उरलेल्या भागावर भार येऊन श्वास जलद होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली. त्या वयातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. कमी वजन, अर्धवट राहिलेले लसीकरण आणि पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीचा धूर कोंडणारे घर या तिन्ही गोष्टी धोका वाढवतात आणि विदर्भाच्या खेड्यांत त्या पुष्कळदा एकाच छपराखाली नांदतात.

न्यूमोनिया ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागतेच असे नाही, हे ज्या कामातून जगापुढे आले, त्यातले एक महत्त्वाचे काम गडचिरोलीतच झाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू कमी झाल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अक्षर-अंक न येणाऱ्या दाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मणी सरकवण्याचे एक साधे उपकरणही तयार केले होते. आज आशाताई हीच मोजणी करतात. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे; दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो जलद श्वास समजायचा. त्यासोबत श्वास घेताना बरगड्यांखालचा छातीचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार अधिक गंभीर समजायचा.

ही रीत स्वस्त आहे, कुठेही चालते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र तिच्या जाळ्यात न्यूमोनिया नसलेली मुलेही भरपूर येतात. नुसता चढलेला ताप, विषाणूंमुळे बारीक श्वासनलिकांना आलेली सूज, बालदमा, रक्ताची तीव्र कमतरता, मलेरिया, हृदयाचा जन्मजात दोष, या साऱ्यांत श्वास जलद होतो. गावपातळीवर अशा सगळ्यांना न्यूमोनियाचे औषध देणे योग्यच आहे, कारण तिथे चूक सावधगिरीच्या बाजूने झालेली बरी. रुग्णालयात पोहोचल्यावर मात्र कोणाला नेमके काय झाले आहे, हे वेगळे करावे लागते. १८१६ मध्ये रेने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांनी शोधलेला स्टेथोस्कोप त्यासाठी आजही पहिला हाताशी येतो, पण रडणाऱ्या बाळाच्या छातीत रडण्याखेरीज फारसे काही ऐकू येत नाही आणि एकाच छातीचे दोन डॉक्टरांनी केलेले वर्णन जुळेलच याची खात्री देता येत नाही.

मग एक्स-रे काढावा, असे कोणीही म्हणेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती सोय सहसा नसते. ग्रामीण रुग्णालयात मशीन असले, तरी तंत्रज्ञाची पाळी, वीज आणि रात्रीची वेळ यांचा मेळ बसावा लागतो. याहून मोठी अडचण एक्स-रेच्या स्वभावातच आहे. आजाराच्या सुरुवातीला तो पुष्कळदा साफ दिसतो, बाळ हलले की धूसर येतो आणि दोन तज्ज्ञांनी वाचला की दोन मते पडू शकतात. म्हणूनच साध्या, घरी उपचार करण्याजोग्या न्यूमोनियात सर्रास एक्स-रे काढू नये, असेच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. सोनोग्राफीची भलामण करताना एक्स-रेच्या किरणोत्सर्गाचा बागुलबुवा उभा केला जातो, तो मात्र मला पटत नाही. छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारी मात्रा निसर्गातून आपल्याला काही दिवसांत आपोआप मिळणाऱ्या मात्रेइतकीच असते. एक्स-रे हवा असेल, तर तो भीतीपोटी टाळू नये. सोनोग्राफीच्या बाजूने बोलण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत.

सोनोग्राफीत माणसाच्या कानांना ऐकू न येणारा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी शरीरात सोडला जातो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. यकृत, मूत्रपिंड, गर्भाशय यांतून हा ध्वनी सहज जातो. हवा समोर आली की मात्र तो जवळजवळ पूर्णपणे मागे फिरतो. प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारे आणि टिपणारे हातातले साधन, आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणूनच जेल लावतात. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले असल्यामुळे त्याच्या आतले काहीच दिसणार नाही, सबब फुप्फुसासाठी सोनोग्राफी निरुपयोगी, असे वैद्यकशास्त्र कितीतरी वर्षे धरून चालले होते. पॅरिसमधील अतिदक्षता विभागात काम करणारे डॉ. डॅनिएल लिक्टेनस्टाइन आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी हा समज उलटा करून पाहिला. निरोगी फुप्फुस दिसत नसले, तरी आजारी फुप्फुसातली हवा कमी होते आणि त्याच प्रमाणात ते दिसू लागते. शिवाय निरोगी फुप्फुसाच्या ‘न दिसण्यालाही’ पडद्यावर एक ठरावीक रूप असते आणि त्या रूपातला बदल वाचता येतो. श्वास अचानक अडखळलेल्या प्रौढ रुग्णांसाठी त्यांनी बसवलेली तपासणीची पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मुलांच्या न्यूमोनियातील सोनोग्राफीवरचे कामही इटलीतून पुढे आले. २०१२ मध्ये निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन फुप्फुसाच्या सोनोग्राफीविषयी शिफारशी मांडल्या, तर २०२० च्या कोविड साथीत ही तपासणी मोठ्या शहरांतल्या अतिदक्षता विभागांच्या बाहेर पडली.

मुलांच्या बाबतीत निसर्गाने थोडी सवलतच दिली आहे. त्यांच्या छातीची भिंत पातळ असते, बरगड्यांचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो आणि छाती एवढीशी असते की पाच ते दहा मिनिटांत सगळीकडून पाहून होते. त्यामुळे वरवरच्या ऊतींसाठी वापरला जाणारा, जास्त कंपनसंख्येचा सपाट प्रोब मुलांसाठी उत्तम चालतो आणि प्रौढांपेक्षा चित्र स्पष्ट येते.

प्रत्यक्ष तपासणीत काय घडते, ते जवळून पाहू. दहा महिन्यांचे बाळ आईच्या मांडीवर आहे. “डाक्टरसाहेब, रातीपासून लेकराचं पोट उडून रायलं,” एवढे आईने सांगितले आहे. डॉक्टर बाळाला टेबलावर निजवत नाहीत. “ताई, त्याला असंच खांद्याशी धरा, पाजायचं असेल तर पाजा,” असे म्हणून ते पाठीकडून सुरुवात करतात, कारण बाळाचे तोंड आईकडे राहिले की ते रडत नाही. जेल आधी तळहातावर घेऊन कोमट केलेले असते. गार जेलचा थेंब पाठीवर पडला की पुढची दहा मिनिटे वाया जातात. प्रोब पाठीवर उभा धरून वरून खाली सरकवायचा, मग बगलेखाली, मग पुढून. हेच दुसऱ्या बाजूला. त्यानंतर प्रोब आडवा करून दोन बरगड्यांमधल्या फटीतून पाहायचे. फुप्फुस नाजूक असल्यामुळे मशीनमधून सोडल्या जाणाऱ्या ध्वनीची तीव्रता कमीत कमी ठेवण्याचा दंडक पाळायचा. झाल्यावर बाळाची पाठ मऊ कापडाने पुसायची आणि पुढच्या बाळाआधी प्रोब जंतुनाशकाने स्वच्छ करायचा. हे शेवटचे काम गर्दीच्या ओपीडीत सर्वांत आधी विसरले जाते आणि ज्या वॉर्डात एकाला खोकला आहे, तिथे ते विसरणे परवडणारे नसते.

पडद्यावर सर्वांत वर कातडी आणि स्नायूंचे थर दिसतात. त्यांच्याखाली दोन बरगड्यांच्या दोन कमानी, प्रत्येकीच्या मागे काळी सावली, आणि त्या दोन कमानींच्या मध्ये, किंचित खाली, एक तेजस्वी आडवी रेघ असते. ही रेघ म्हणजे फुप्फुसाचे आवरण. नीट निरखले, तर प्रत्येक श्वासागणिक ती रेघ डावीउजवीकडे घसरताना दिसते. फुप्फुस छातीच्या भिंतीला आतून घासत वरखाली होते आहे, याची ती खूण असते. हे घसरणे थांबले असेल, तर भिंत आणि फुप्फुस यांच्यामध्ये हवा शिरली असण्याची एक शक्यता तपासावी लागते.

या तेजस्वी रेघेच्या खाली जे दिसते, ते फुप्फुसाचे खरे चित्र नसते, हे ध्यानात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. निरोगी छातीत त्या रेघेखाली सारख्या अंतरावर तशाच पुसट आडव्या रेघा दिसतात. केशकर्तनालयात समोर आणि मागे आरसे असले की एकच डोके एकामागे एक सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा दिसते, तसाच हा प्रकार आहे: ध्वनी प्रोब आणि फुप्फुसाचे आवरण यांच्यामध्ये पुनःपुन्हा आपटून परततो आणि मशीन प्रत्येक फेरीची एक रेघ काढते. यांना ए-रेषा म्हणतात. आवरणाची रेघ घसरते आहे आणि खाली ए-रेषा आहेत, म्हणजे त्या जागी आवरणाखाली हवा आहे आणि तो भाग सहसा निरोगी आहे.

वायुकोशांच्या भिंतींत किंवा वायुकोशांत थोडा द्रव साचू लागला की चित्र बदलते. आवरणाच्या रेघेपासून निघून थेट पडद्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या, चमकत्या रेषा दिसू लागतात आणि त्या जिथून जातात, तिथल्या ए-रेषा पुसल्या जातात. या बी-रेषा. एखाददुसरी बी-रेषा निरोगी बाळातही दिसते. एकाच फटीत तीन किंवा अधिक दिसल्या, तर तिथे ओल वाढली आहे असे समजतात. ती ओल विषाणूंच्या संसर्गाने असेल, जिवाणूंच्या सुरुवातीच्या न्यूमोनियाने असेल किंवा हृदयाच्या आजाराने. बी-रेषा कारण सांगत नाही. दोन्ही बाजूंना सर्वदूर विखुरलेल्या बी-रेषा आणि आवरणालगत अर्धा-पाऊण सेंटिमीटरचे बारीक काळसर ठिपके असे चित्र विषाणूजन्य आजारात अधिक आढळते. एकाच जागी गोळा झालेला मोठा बदल जिवाणूंकडे बोट दाखवतो, पण ते बोटच असते, पुरावा नसतो.

खरा न्यूमोनिया ज्याला डॉक्टर घट्ट झालेले फुप्फुस म्हणतात, त्यात पडद्यावर दिसतो. वायुकोश द्रवाने पुरते भरले की तिथे ध्वनीला अडवणारी हवा उरत नाही आणि फुप्फुस प्रथमच ‘खरोखर’ दिसते. ते यकृताच्या मांसासारखे दिसते. त्याची खालची कड फाटल्यासारखी असते, कारण भरलेला भाग संपून हवेचा भाग सुरू होतो ती सीमा सरळ नसते. त्या घट्ट भागात पांढरे चमकते ठिपके आणि फांद्यांसारख्या रेघा दिसतात. त्या लहान श्वासनलिकांमधल्या हवेच्या असतात. बाळ श्वास घेते तेव्हा हे ठिपके नलिकेतून पुढेमागे सरकताना दिसले, तर न्यूमोनियाचे निदान बळकट होते, कारण कफाचा बोळा अडकून फुप्फुसाचा तुकडा नुसता बसला असेल, तर ते ठिपके सहसा जागचे हलत नाहीत. सरावलेला डॉक्टर या हालचालीसाठी प्रोब स्थिर धरून चार-पाच श्वास नुसता पाहत राहतो.

या साऱ्यावर विश्वास किती ठेवायचा? २०१५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आठ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, ज्यात एकूण ७६५ मुले होती. न्यूमोनिया असलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ९६ जणांत सोनोग्राफीने तो पकडला आणि नसलेल्या १०० पैकी सुमारे ९३ जणांत तो नाही असे बरोबर सांगितले. हे आकडे फारच देखणे आहेत आणि म्हणूनच जपून वाचले पाहिजेत. असे बरेचसे अभ्यास मोठ्या रुग्णालयांत, या विषयात रस असलेल्या डॉक्टरांनी केलेले असतात. २०१३ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन विभागांतील डॉक्टरांना केवळ तासाभराचे प्रशिक्षण देऊन २०० मुला-तरुणांवर केलेल्या अभ्यासात हेच प्रमाण अनुक्रमे ८६ आणि ८९ टक्के भरले, आणि एक सेंटिमीटरपेक्षा मोठा घट्ट भाग दिसला तरच न्यूमोनिया म्हणायचे असे ठरवल्यास चुकीने न्यूमोनिया म्हणण्याचे प्रमाण आणखी घटले. ग्रामीण रुग्णालयातल्या वास्तवाला हा दुसरा अभ्यास अधिक जवळचा आहे, असे मला वाटते. २०१६ मध्ये आणखी एका चाचणीत निम्म्या मुलांची आधी सोनोग्राफी करून गरज वाटली तरच एक्स-रे काढला. त्या गटात एक्स-रेंची संख्या सुमारे ३९ टक्क्यांनी घटली आणि त्यापायी एकाही मुलाचा न्यूमोनिया सुटला नाही.

आता फसगतीच्या जागा. आवरणापर्यंत न पोहोचलेला, फुप्फुसाच्या गाभ्यात दडलेला न्यूमोनिया सोनोग्राफीला दिसत नाही, कारण मध्ये हवा असते. मुलांमध्ये बहुतेक न्यूमोनिया कुठे ना कुठे आवरणाला टेकतो, पण ‘बहुतेक’ हा शब्द पुसता येत नाही. खांद्याच्या फऱ्यामागचा भाग लपतो. बाळाचे हात पुढे घेऊन फरा बाजूला सरकवला नाही, तर तिथला आजार राहून जातो. तान्ह्या बाळाच्या छातीत पुढच्या बाजूला बाल्यग्रंथी (थायमस) असते आणि नवख्या नजरेला ती घट्ट झालेल्या फुप्फुसासारखी वाटते. डाव्या बाजूला खाली प्लीहा आणि दूध-हवेने भरलेले जठर हीच गफलत करवतात, म्हणून आधी छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, यकृत आणि प्लीहा ओळखून मगच वर सरकायचे असते. जुना क्षयरोग आणि ताजा न्यूमोनिया यांचे चित्र सारखे असू शकते. घरात कोणाला क्षयरोग असेल किंवा बाळाचा खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल, तर पडद्याकडे न पाहता क्षयरोगाची तपासणी करायला हवी.

विदर्भात या यादीला स्थानिक भर पडते. इथल्या अनेक समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणे आणि धाप लागली, तर ते साध्या न्यूमोनियाहून धोकादायक असू शकते. वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हे संकट उद्भवते आणि सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा साफ असतो. अशा मुलाच्या फुप्फुसात सोनोग्राफीत घट्ट भाग दिसला, तर प्रतिजैविक सुरू करून तिथेच वाट पाहत बसण्यापेक्षा रक्त देण्याची सोय असलेल्या ठिकाणी त्याला लवकर हलवणे शहाणपणाचे ठरते. गडचिरोलीसारख्या मलेरियाग्रस्त भागात उलटा प्रसंग येतो: बाळाचा श्वास जलद आहे, ताप आहे, पण दोन्ही बाजूंना फुप्फुसाचे आवरण छान घसरते आहे आणि सगळीकडे ए-रेषा आहेत. अशा वेळी मलेरियाची तपासणी आणि हिमोग्लोबिन हे दोन प्रश्न ताबडतोब पुढे येतात, आणि माझ्या मते साफ दिसलेल्या सोनोग्राफीचा हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला उपयोग आहे. मेळघाटातल्या तीव्र कुपोषित बाळाची तऱ्हा आणखी वेगळी असते. त्याला न्यूमोनियात ताप येईलच असे नाही, आणि स्नायूंत त्राणच नसल्यामुळे छाती आत ओढली जाण्याची खूणही ठळक दिसत नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालेल्या, नुसत्याच मलूल पडलेल्या बाळाच्या पाठीवर प्रोब फिरवून पाहणे म्हणूनच वाया जात नाही.

तरीही एकच उपयोग निवडायचा झाला, तर मी छातीतल्या पाण्याचा निवडीन. न्यूमोनिया बिघडला की फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रव जमतो आणि पुढे त्याचा पू होतो. बाळाला दोन-तीन दिवस योग्य औषध मिळूनही ताप उतरत नाही, एक बाजू हलेनाशी होते. एक्स-रेत ती बाजू पांढरीफटक दिसते आणि एवढ्यावरून आत घट्ट झालेले फुप्फुस आहे की द्रव आहे, हे सांगणे अवघड असते. सोनोग्राफी ते क्षणात सांगते: द्रव काळा दिसतो, त्यात फुप्फुसाचे टोक श्वासाबरोबर हलते, पू असेल, तर त्यात ढगाळ कण तरंगतात आणि जाळ्या-पडदे बनू लागलेले असतात. हे पडदे सीटी स्कॅनपेक्षाही सोनोग्राफीत चांगले कळतात. नुसता पातळ थर असेल, तर औषध चालू ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता येतो. जाळ्या दिसल्या, तर मात्र नळी टाकण्याची आणि बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्याच दिवशी पाठवावे लागते, कारण या टप्प्यावर गमावलेले दोन दिवस पुढे लांबलचक उपचारांत वसूल होतात. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाला सोनोग्राफी इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी देत नाही.

बाळाचा श्वास मिनिटाला ६५ आहे, बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ८८ दाखवते आणि पडद्यावर काहीच सापडले नाही, असे झाले तर काय करायचे? पडदा बाजूला ठेवून प्राणवायू लावायचा. ऑक्सिमीटरवर ९० टक्क्यांखालचा आकडा हा स्वतःच गंभीर आजाराचा निकष आहे आणि साफ सोनोग्राफी तो रद्द करू शकत नाही. याच्या उलट, खेळणाऱ्या, दूध पिणाऱ्या बाळाच्या आवरणालगत पाच मिलिमीटरचा एक ठिपका दिसला म्हणून त्याला दाखल करून सुया टोचणेही चुकीचेच आहे. चित्र हाती आले की त्याला काहीतरी नाव देण्याचा मोह होतो. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर कमी करण्याची क्षमता या तपासणीत आहे, पण असा मोह आवरला नाही, तर तो वाढायचाही.

हे प्रोब आता मोबाइलला किंवा टॅबला जोडता येतील एवढे लहान झाले आहेत. मग ते प्रत्येक उपकेंद्रावर, प्रत्येक नर्सबाईंच्या पिशवीत का नसावेत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नसून कायद्यात आहे. जे मशीन फुप्फुस दाखवते, तेच गर्भही दाखवते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते चालवणाऱ्या डॉक्टरची पात्रता ठरलेली आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हलवता येणारे मशीन नोंदणीकृत आवारातल्या दाखल रुग्णांसाठी किंवा इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. मशीन छातीसाठीच घेतले आहे, हा खुलासा इथे पुरेसा ठरत नाही. बालरोगतज्ज्ञांना ही बंधने जाचक वाटतात आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. पण ज्या राज्यात मुलींचे घटलेले प्रमाण आपण सर्वांनी पाहिले आहे, तिथे ‘छातीपुरते’ म्हणून मशीन मोकळे सोडा, असे मला तरी म्हणवत नाही. केवळ वरवरचे पाहू शकणारा, पोटात खोलवर न पोहोचणारा प्रोब आणि त्यासाठी वेगळी नोंदणी, असा मधला मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. तोवर ही तपासणी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या पात्र डॉक्टरांच्याच हाती राहील, आणि तिथेही ती शिकवणारे कोणीतरी लागेल.

पालकांनी या तपासणीसाठी मोठे रुग्णालय शोधत फिरू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, प्यायलेले सगळे उलटून टाकू लागले, झटके आले, उठवूनही जागे होईना किंवा शांत असतानाही श्वास घेताना घरघर आवाज येऊ लागला, तर जवळात जवळ जे सरकारी रुग्णालय असेल, ते गाठावे. पोट फुगले, धाप लागली म्हणून पोटावर चटके देणे किंवा नाकातोंडात तेल घालणे यांत जाणारी रात्र बहुधा निर्णायक ठरते. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली आहे आणि दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत ती विनामूल्य मिळते. बाळाच्या कार्डावर तिच्या तिन्ही नोंदी आहेत का, हे अंगणवाडीत विचारून घ्यावे.

आणि बाळाला पुढे पाठवायचे ठरलेच, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘न्यूमोनिया, रेफर’ एवढ्याने भागत नाही. मिनिटाला श्वास किती होते, प्राणवायू न लावता आणि लावून ऑक्सिमीटरचा आकडा किती होता, प्रतिजैविकाचा पहिला डोस किती वाजता दिला, छातीच्या कोणत्या बाजूला, पुढे की मागे, काय दिसले आणि द्रव असल्यास त्याची जाडी किती मिलिमीटर भरली, हे चार ओळींत लिहिलेले असले, म्हणजे सहा तासांनी मेडिकलच्या बालरोग विभागात तीच जागा पुन्हा पाहणाऱ्या निवासी डॉक्टरला पाणी वाढले आहे की तेवढेच आहे, हे लगेच सांगता येते.